जुन्या संगणकाची अपुरी स्मृति

घरांतील संगणक सहासात वर्षांचा झाला कीं तो मंद चालूं लागतो, आणि कुटुंबांत नव्या यंत्राचीं बोलणीं सुरू होतात. वस्तुतः पुष्कळदां यंत्र थकलेलें नसतें. त्याची स्मृति तेवढी अपुरी पडलेली असते. हा भेद ज्या गृहस्थास उमगला, त्याचे हजारों रुपये वांचण्याचा संभव असतो.

बाजारांत ‘रॅम’ या नांवानें ओळखली जाणारी ही स्मृति म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा होय, आणि कायमचा सांठा करणारी डिस्क ही कोठीची खोली. ओटा ऐसपैस असला म्हणजे सारें साहित्य हाताशीं राहतें. तो अरुंद असला तर एक डबा घेण्यासाठीं दुसरा कोठींत नेऊन ठेवावा लागतो. संगणकहि जागा संपली कीं मजकूर डिस्कवर नेतो व लागेल तेव्हां परत आणतो. रॅममधील मजकूर सुमारें १०० नॅनोसेकंदांत हातीं येतो. फिरत्या चकतीच्या डिस्कला त्याच कामीं सुमारें १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. मंदपणाचें मर्म या येरझाऱ्यांत आहे.

तथापि निदानावांचून औषध घेऊं नये. विंडोजमध्यें ‘टास्क मॅनेजर’ उघडून, नेहमींचीं कामें चालू असतां किती स्मृति व्यापली आहे तें पाहावें. ती सदैव ९० टक्क्यांच्या आसपास असेल व डिस्कहि सतत गुंतलेली असेल, तर रॅम वाढविल्यानें गुण येईल. पत्रव्यवहार, ब्राउझर व मुलांचे दूरस्थ वर्ग यांस ८ जीबी बहुधा पुरते. निम्मी स्मृति रिकामी असूनहि यंत्र अडखळत असेल, तर दोष अन्यत्र आहे. तेथें जुनी डिस्क काढून एसएसडी बसविणें अधिक हितावह.

पट्टी घेतांना तिची जात पारखावी. २००७ च्या सुमारास आलेली डीडीआर ३, २०१४ ची डीडीआर ४ व त्यानंतरची डीडीआर ५ यांच्या खांचा निरनिराळ्या ठिकाणीं असल्यानें एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. लॅपटॉपची पट्टी आंखूड असते. कित्येक पातळ लॅपटॉपांत तर ती मुख्य फलकासच डाख देऊन जोडलेली असते, व तेथें हा उपाय चालत नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून आधीं किंमत विचारावी. पट्टी बसविण्यापूर्वीं वीज तोडावी आणि उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् उतरवावी.

या उपायास मर्यादाहि आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा सर्वसाधारण पुरवठा संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम चालते. पण टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व मान्य यादींतील प्रोसेसर हींहि लागतात. ही उणीव कितीहि रॅम घातली तरी भरून निघत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालतां येते. तिला २ जीबी किमान व ४ जीबी सोयीची.

ज्या घरांत एकाच संगणकावर वडिलांचे हिशेब व मुलीचा अभ्यास चालतो, तेथें यंत्र टाकून देणें म्हणजे कोणाचें तरी काम अडणें होय. टाकलेलें यंत्र भंगारांत गेलें तरी त्यांतील शिसें नाहींसें होत नाहीं. म्हणून निकाल देण्यापूर्वीं यंत्राची नाडी एकदां पाहावी, हेंच शहाणपणाचें.