फोनमधले दुकान कसे चालते?



गावातले किराणा दुकान आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. दुकानदार एकच असतो. तोच माल दाखवतो, तोच वजन करतो, तोच पैसे घेतो आणि उधारीच्या वहीत तोच लिहितो. काही चुकले, तर आपण सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहतो.

फोनमधल्या दुकानाचे तसे नाही. तिथे हीच कामे चार-पाच जणांत वाटलेली असतात. ते एकमेकांपासून शेकडो कोस दूर असतात. तरी काम बिनबोभाट होते. ते कसे होते, हे आज आपण पाहू. ते कळले, म्हणजे पैसे कुठे अडकले हे कळते. ते कळले नाही, तर लबाड माणूस मध्येच हात घालतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बार्शीजवळच्या एका शेतकऱ्याला फवारणीचा पंप हवा आहे. त्याने फोनवर दुकान उघडले. पंपाचे चित्र आले. खाली किंमत आली, १,८०० रुपये.

ही दुकानाची दर्शनी बाजू. फळीवर मांडलेला माल म्हणा. पण इथे माल नाही, नुसते चित्र आहे. चित्रावर बोट ठेवले की निरोप एका मोठ्या संगणकाकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणतात. हा दुकानाचा मुनीम. तो रात्रंदिवस जागा असतो आणि एका वेळी हजारो गिऱ्हाइकांशी बोलतो.

मुनीम हिशेब तोंडपाठ ठेवत नाही. त्याच्याजवळ वही असते. त्या वहीला डेटाबेस म्हणतात. किती पंप शिल्लक आहेत, किंमत काय, कोणी काय मागवले, सारे त्या वहीत असते.

आता गंमत बघा. वहीत एकच पंप शिल्लक आहे. त्याच वेळी जालन्याच्या गिऱ्हाइकानेही तोच पंप मागितला. मग दोघांनाही हो म्हणायचे का? नाही. वहीचा नियम असा, की एका ओळीवर एका वेळी एकानेच लिहायचे. ज्याचा निरोप आधी पोचला, त्याच्या नावे पंप लागला. दुसऱ्याला दिसते, ‘माल संपला’. म्हणून माल नुसता टोपलीत टाकला, म्हणजे तो आपला झाला असे समजू नका. बहुतेक दुकानांत मागणी पक्की झाली की मगच तो आपल्या नावावर लागतो.

मुनीम या मागणीला एक क्रमांक देतो. हा क्रमांक म्हणजे माळेतला दोरा. पुढचे सगळे जण याच क्रमांकाने बोलतात. तो लिहून ठेवावा.

मग पैशाचे काम येते. दुकानाला आपल्या बँकेच्या खात्यात हात घालता येत नाही. मुनीम हे काम एका मध्यस्थाला सांगतो. त्याला पेमेंट गेटवे म्हणतात. मुनीम म्हणतो, “अमुक क्रमांकाचे १,८०० रुपये घ्यायचे आहेत.” मध्यस्थ तो निरोप बँकेपर्यंत पोचवतो. आपण यूपीआयने पैसे दिले, तर हे निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेमार्फत जातात. यूपीआय तिनेच २०१६ साली सुरू केले. आपण फोनवर पिन टाकतो. तो पिन बँक तपासते. दुकानाला तो दिसतसुद्धा नाही. पिन बरोबर असला, तर बँक पैसे वजा करते आणि ‘दिले’ असा निरोप उलट पाठवते. तो मुनमापर्यंत आला, की वहीत लिहिले जाते, ‘पैसे मिळाले’.

लगेच गोदामात चिठ्ठी निघते. तिथला कामगार पंप खोक्यात घालतो. खोक्यावर काळ्या पट्ट्यांची चिठ्ठी लावतो. वाटेत प्रत्येक मुक्कामाला यंत्राने ती चिठ्ठी वाचतात आणि तशी नोंद होते. म्हणून आपले खोके कुठवर आले, हे आपल्याला घरबसल्या दिसते.

खोके योग्य गावी कसे जाते? वडगाव नावाची गावे तर कितीतरी! इथे पिनकोड उपयोगी पडतो. सहा आकड्यांचा हा क्रमांक डाकखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते डाकखात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडितही होते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पिनकोडचा पहिला आकडा ४ आहे.

मंडळी, इथे जरा थांबा. पिन दोन झाले. पत्त्याचा पिन गावाचा आहे. तो कोणालाही सांगावा. बँकेचा पिन खात्याची किल्ली आहे. तो सख्ख्या भावालाही सांगू नये.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. बँकेने पैसे वजा केले आणि तेवढ्यात उलटा निरोप वाटेत अडकला. शेतकरी म्हणतो, “माझे पैसे गेले.” दुकान म्हणते, “आम्हांला मिळाले नाहीत.” आणि दोघेही खरे बोलत असतात! अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नका. बँका आणि मध्यस्थ आपापल्या वह्या ताडून पाहतात. निरोप मागाहून पोचला, तर मागणी पुरी होते. नाहीतर पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली यासाठी नियम केला आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत असे पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

पण माणसाला तेवढा धीर नसतो. तो फोनवर दुकानाचा नंबर शोधू लागतो. तिथे लबाडाने दुकानाच्या नावाखाली स्वतःचाच नंबर देऊन ठेवलेला असतो. तो गोड बोलतो, “काका, काळजी करू नका. पैसे परत पाठवतो. तेवढा पिन टाका.”

आपण आत्ताच काय पाहिले? पिन बँकेला सांगतो, ‘माझ्या खात्यातून पैसे दे’. पैसे यायला पिन लागत नाही. जो पैसे परत देण्यासाठी पिन मागतो, तो चोर. मग त्याची भाषा कितीही गोड असो.

दुकानाचा नंबर दुकानाच्याच पानावरून घ्यावा. २०२० सालच्या नियमांप्रमाणे दुकानाने तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव तिथे दिलेच पाहिजे. तक्रार पोचल्याचे त्याने ४८ तासांत कळवावे आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा. दुकान दाद देत नसेल, तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी नंबर आहे. आणि कोणी फसवून पैसे काढलेच, तर लाजू नका, घरात लपवू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी खबर गेली, तर ते वाटेतच अडवता येतात.

फोनमधल्या दुकानात सगळे जण निरोपावर चालतात. त्यांतला एक निरोप आपला असतो. तो विचार करून द्यावा.

रामराम.