उतारवयातील कंबरदुखी आणि अपंगत्व



कंबरदुखीवर बोलण्यासाठी डॉक्टर सोडून कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. माझे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते धान्यबाजाराच्या आवारात, संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांत माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि त्या पाठींविषयी काही गोष्टी अशा आहेत की त्या दवाखान्याबाहेरच बोलल्या जाऊ शकतात.

पंचावन्न-साठीचा हमाल कंबर धरून दवाखान्यात जातो. त्याचे छायाचित्र काढतात, आणि कागदावर लिहून येते की मणक्यांमधली गादी झिजली आहे. मग त्याला सांगतात, "आता वय झाले, ओझे उचलू नका." सल्ला खोटा नाही. पण ओझे उचलू नका म्हणजे उद्यापासून जेवू नका, असा त्याचा अर्थ त्या घरात होतो. आणि 'वय झाले' या दोन शब्दांनी सगळ्यांचीच सुटका होते. वयाला कोण जाब विचारणार?

आधी या झिजेचेच पाहू. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा माणसांची छायाचित्रे त्यात तपासली होती. विशीतल्या शंभरांत सदतीस जणांची गादी झिजू लागलेली दिसली, आणि ऐंशीच्या घरात शंभरांत शहाण्णव जणांची. म्हणजे झीज ही पुष्कळशी पिकलेल्या केसांसारखी आहे. दहांतल्या नऊ रोग्यांच्या बाबतीत दुखण्याचे नेमके कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, असे जाणते डॉक्टर स्वतःच सांगतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती कामगार पुढाऱ्याच्या तोंडी शोभणारी नाही असे कोणी म्हणेल. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्या तपासल्या. त्यांतल्या काही जोड्यांत एकाचे काम जड होते, दुसऱ्याचे हलके. १९९५ साली निष्कर्ष छापला गेला तो असा, की गादीच्या झिजेत कामाचा वाटा थोडा आणि आनुवंशिकतेचा मोठा. उलट जर्मनीने १९९३ पासून, वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने होणारे कमरेच्या गादीचे विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत घेतले आहेत. वाद विद्वानांचा आहे, तो त्यांनी चालवावा. मला त्यातून वेगळेच दिसते.

समजा, त्या दोन भावांची कंबर सारखीच झिजली आणि सारखीच दुखते. कारकून भाऊ खुर्चीला उशी लावतो, तासाने उठून फेरी मारतो, महिनाअखेर पगार घेतो. हमाल भाऊ मात्र त्याच कमरेने कामातून उठतो. दुखणे एकच, अपंग झाला तो एकटाच. मग हे अपंगत्व कमरेत होते, की कमरेला दिलेल्या कामात? आपल्या १९९५ च्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत कंबरदुखी नावाने नाही, आणि चाळीस टक्क्यांच्या खालच्याला त्यातल्या बहुतेक सवलती नाहीत. हमालाची पाठ शंभर टक्के त्याचे पोट आहे, हे कोणत्या कोष्टकात बसवायचे?

ओझ्याचा हिशेब करून पाहा. शंभर किलोचे पोते आपल्या बाजारांत वर्षानुवर्षे चालले. दिवसाला शंभर पोती धरली तर दहा टन झाले, तेही फळीवरून ट्रकमध्ये किंवा थप्पीच्या टोकापर्यंत. १९६७ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. पोते पन्नास किलोवर यावे म्हणून महाराष्ट्रातल्या हमालांना किती मोर्चे काढावे लागले, ते येथे बसलेल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी आली, मंडळे आली, भविष्यनिर्वाह निधी आला. हे लहान काम नव्हते. मात्र कंबर गेलेल्या माणसाला दुसरे काम द्यावे, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच.

इटलीतला वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? सव्वातीनशे वर्षे झाली. आपल्याकडे हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असतो, आणि त्यापुढची जागा कोरी असते.

आणि हे हमालांपुरतेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष माणसांना कंबरदुखी होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांना ती अधिक होते. आपल्या घरातली म्हातारी जिना चढवत नाही म्हणून देवळात जायची थांबते, बसून उठता येत नाही म्हणून संडासाच्या धास्तीने पाणी कमी पिते. भिंतीला एक दांडी ठोकली तर तिचे अर्धे अपंगत्व जाईल. दांडीला काय खर्च येतो हो? पण औषधाच्या दुकानात आपण त्याच्या दसपट देऊन येतो.

मग करावे काय? याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन काढले. व्यायाम, दुखण्याची नीट समजूत करून देणे, यांवर त्यात भर आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणे आणि अफूच्या जातीची वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत, असे त्यात आहे. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. उसण भरली तरी एखाद-दोन दिवसांनी हळूहळू हिंडाफिरावे. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, म्हातारपणी पडल्यानंतरचे दुखणे, यांतही वेळ काढू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून आहे, हे विसरून चालणार नाही.

शेवटी टोळीची एक रीत सांगतो. आमच्या बाजारात कंबर गेलेल्या जुन्या गड्याला चांगली टोळी घरी पाठवीत नाही. तो पोत्याचे तोंड शिवतो, गिनती ठेवतो, सांडलेले धान्य झाडतो, आणि वाराईत त्याचा वाटा इतरांइतकाच धरतात. हे सारे तरण्या गड्यांच्या मजुरीतून चालते. मालकाच्या खिशातून त्यात एक पैसा येत नाही. म्हणून प्रत्येक वाटाघाटीत आम्ही एक कलम मांडतो: पंचावन्नच्या पुढच्या, कंबर दुखणाऱ्या हमालाला हलके काम त्याच मजुरीत, आणि त्याचा भार मालकावर. गेल्या तीन करारांत ते कलम चर्चेला आले आणि सह्या होण्यापूर्वी खोडले गेले. चौथ्या कराराची बोलणी पुढच्या महिन्यात आहेत.