बेडकाची कातडी आणि आपली फवारणी
(हुपरी येथील भाषणाचा मजकूर)



हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचं गाव, आणि शिवार उसाचं. इथं उभं राहून आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांना बेडकाची गोष्ट सांगणार म्हटल्यावर काही जण हसले. हसा. पण हुमणी उसाला सोडत नाही आणि ज्वारीलाही सोडत नाही.

वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबा-बाभळीवर जमतात आणि मग मादी मातीत शिरून अंडी घालते. त्याच पावसानं मोठा पिवळा बेडूक बाहेर येतो, महिनोन्‌महिन्यांचा उपाशी. भुंगेरा, नाकतोडा, रातकिडा, समोर हललं ते गिळतो. बोंडातली अळी मात्र तो काढून देणार नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उन्हाळाभर तो असतो कुठं? तुमच्याच बांधात, मातीखाली, निपचित. तिथं त्याचा श्वास कातडीतून चालतो. वर आल्यावर फुप्फुसं कामाला येतात, पण छाती फुगवायला बरगड्या नाहीत. गळा खालीवर करून तो हवा आत ढकलतो. पाणी तोंडानं पीत नाही, ओल्या जमिनीवर पोट टेकून कातडीनं ओढतो.

त्याचं पिल्लू तर आधी मासाच. कल्ल्यानं श्वास घेतं, शेपटीनं पोहतं. मग पाय फुटतात, फुप्फुसं तयार होतात, शेपूट गळून न पडता अंगातच जिरते. एवढं व्हायला डबक्यात महिना-दीड महिना पाणी टिकावं लागतं.

जी कातडी हवा आणि पाणी आत घेते, ती औषधही आत घेते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घालेपर्यंत एंडोसल्फान आपण कपाशीवर मारतच होतो. शेतकी कॉलेजात आम्हाला एकरी औषध किती ते पाठ करायला लावलं. पंप धुतलेलं पाणी जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही.

त्याआधी सरकारनंही हात धुऊन घेतले. हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांत गेल्या. परकीय चलन दिल्लीला, किडे आपल्या रानाला! १९८७ साली ही निर्यात बंद झाली. पकडणारे गेले, फवारा राहिला.

तेव्हा यंदा पंप ओढ्यात किंवा बांधाकडेच्या डबक्यात धुऊ नका. बांधावर तणनाशक कशाला मारता? गवत बैल खाईल. कोपऱ्यातलं एक डबकं श्रावणापर्यंत बुजवू नका. आणि ज्यांनी शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरलंय, त्यांनी काठावरून जुनं गोणपाट पाण्यात सोडून ठेवा. त्या गुळगुळीत उतारावरून पडलेल्या बेडकाला वर येता येत नाही.