रात्री नऊचं नेट आणि गेटवरचा नियम

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "धाटावच्या कारखान्यांत नेटवर्कचं काम करता, तर काहीतरी उपयोगाचं बोला." विषय शोधावा लागला नाही. आपल्या ग्रुपवर रोज रात्री नऊला प्रश्न येतो, "नेट कुणाकुणाचं स्लो आहे?" मग एखाद्या घराकडे बोट जातं. मागच्या सभेत तर 'पोरांचं गेमिंगच ब्लॉक करा' इथवर मजल गेली. मला सांगायचंय ते इतकंच, की कुणाचंही काही बंद न करता वेग वाटून घेता येतो.

समजा सोसायटीची एकच सामायिक लाइन आहे, 100 एमबीपीएसची, आणि घरं 40. सगळ्यांनी एकदम ओढलं तर वाट्याला अडीच येतात. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून चालून जातं. पण कुणाचा तरी मोबाईल रात्री फोटोंचा बॅकअप घ्यायला लागतो आणि लाइन भरते. त्या घरातल्या माणसाला पत्ताही नसतो! पेणला माहेर असलेल्या आपल्या एका वहिनी भावाच्या गणपती कारखान्यातल्या मूर्ती व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला दाखवतात. परदेशी जायच्या मूर्ती लवकर निघतात, त्यामुळे ती धांदल उन्हाळ्यातच. अशा वेळी कॉल अडकला तर ऑर्डरही अडकते.

आता फायरवॉल. हा आपल्या नेटच्या गेटवरचा वॉचमन. 'आत सोड' आणि 'सोडू नको' ही त्याची दोन कामं सगळ्यांना माहीत असतात. तिसरं म्हणजे मोजून सोडणं. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये हे नियम आयपीटेबल्सने लिहितात. कल्पना बादलीची आहे. बादलीत ठरावीक वेगाने टोकन पडत राहतात, येणारं प्रत्येक पाकीट एक टोकन घेतं आणि आत जातं. आकडे दिले नाहीत, तर आयपीटेबल्स स्वतःहून तासाला 3 टोकन आणि बादलीत जास्तीत जास्त 5 असं धरतं. म्हणजे पहिली पाच पाकिटं सरळ आत, पुढे वीस मिनिटांना एक.

इथे भलेभले फसतात. मर्यादेचा नियम स्वतः कुणालाच अडवत नाही. तो फक्त म्हणतो, 'टोकन असलेल्याला सोडा.' टोकन नसलेला पुढच्या नियमाकडे जातो, आणि तिथे 'बाकीचे परत पाठवा' असं लिहिलेलं नसेल तर तोही निवांत आत येतो. दुसरं असं, की साध्या मर्यादेत सगळ्या सोसायटीला बादली एकच. एकाने टोकन संपवले की उरलेले 39 उपाशी. म्हणून प्रत्येक पत्त्याची वेगळी बादली ठेवणारा प्रकार वापरायचा, त्याला हॅशलिमिट म्हणतात.

तरी रोजच्या वेगासाठी मी फायरवॉलपेक्षा रांग लावणारी व्यवस्था सुचवेन. फायरवॉल जास्तीचं पाकीट फेकून देते, रांग त्याला थांबवून ठेवते. शिवाय रांगेत उसनवारी चालते. प्रत्येक घराला अडीच पक्के, आणि शेजारचे झोपले असतील तर त्यांचंही वापरा. पोरांनी बारानंतर खेळावं, माझी हरकत नाही. आयांची असेल.

पण या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती आपल्या नदीवरून सांगतो. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलं की कुंडलिका फुगते, आणि कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. रोह्याच्या पुलावर उभं राहून आपण तो प्रवाह कमी करू शकत नाही. नेटचंही तसंच. बाहेरून आलेलं पाकीट राउटरने फेकलं, तरी आपली लाइन त्याने आधीच वापरलेली असते. उपयोग होतो तो अशासाठी, की पाकिटं हरवतायत हे कळल्यावर पाठवणारा सभ्य असेल तर वेग कमी करतो.

सभ्य नसेल तर? जुलै 2016 मध्ये मुंबईतल्या लहान-मध्यम इंटरनेट पुरवठादारांवर खोट्या रहदारीचा असा लोंढा सोडला गेला, की ग्राहकांचं नेट रडत-रखडत चाललं आणि प्रकरण पोलिसांत गेलं. तिथे घरच्या राउटरचे नियम काय करणार? लोंढा वरच अडवावा लागतो, पुरवठादाराच्याही वर.

असे लोंढे येतात कुठून, ते ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या. त्यामागे 'मिराई' नावाचा प्रोग्राम होता. त्याने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कारण लोकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता. आपल्या गेटवर डीव्हीआर आहे, मंडळी. त्याच्यासाठी दोन नियम आजच हवेत. बाहेरून नव्या जोडण्या मिनिटाला मोजक्याच, म्हणजे पासवर्ड ओळखायचा खेळ रेंगाळतो. आणि आतून बाहेर जाणाऱ्या रहदारीलाही मर्यादा, म्हणजे उद्या तो बिघडलाच तर आपल्या दारातून दुसऱ्याच्या अंगावर लोंढा जाणार नाही.

शेवटचा मुद्दा समितीसाठी. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. तो आदेश सोसायट्यांसाठी नाही, पण भान तेच ठेवू. कोण काय बघतं याची नोंद नको, कीर्तन आणि क्रिकेट यांत भेद नको, भाडेकरू आणि मालक यांतही नको. किती एमबी गेले एवढंच मोजायचं. आकडे नोटीस बोर्डावर लावू आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव करू.

डीव्हीआरसाठी मात्र सभेची वाट बघायला नको. उद्या सकाळी दहाला मी वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. सेक्रेटरीसाहेब, जुना पासवर्ड लिहिलेली ती वही तेवढी घेऊन या.