रेल्वेनं वसवलेलं वोकिंग



लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात, वोकिंग आहे.
सकाळी इथला फलाट नोकरदारांनी भरून जातो.
साधारण अर्ध्या तासात गाडी लंडनच्या वॉटर्लू स्थानकात!

हे शहर रेल्वेनं वसवलं.
१८३८ साली उजाड माळावर स्टेशन झालं.
मग त्याच्याभोवती नवं वोकिंग वाढलं.

इथलं खरं वैभव मात्र वेगळंच.
स्टेशनपासून थोड्याच अंतरावर, झाडांच्या सावलीत, शाहजहान मशीद आहे.
पांढऱ्या भिंती, वर देखणा घुमट.
१८८९ साली ती उभी राहिली.
मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली ही पहिली इमारत.
आणि तिला पैसा दिला, आपल्या भोपाळच्या शाहजहान बेगमेनं!

जवळच हॉर्सेल कॉमन हा मोकळा माळ.
एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतले मंगळवासी इथंच उतरतात.

तर, रेल्वेनं वसवलेलं हे वोकिंग.
लंडनला गेलात, तर ही मशीद जरूर पाहा.