घाट उतरणारी वीज
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू विद्यापीठात नेमकं करतेस काय?" हे सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं. दहाही जणांना एकदमच उत्तर देते.

आपण सगळे बोरघाटातून असंख्य वेळा गेलोय. कर्जतला वडा खाताना गाडीला मागून इंजिनं जोडलेली पाहिलीत. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. एकूण चढण साडेपाचशे मीटरच्या वर. हजार टनांची गाडी एवढी वर न्यायला, हिशेब केला तर, सुमारे दीड हजार युनिट लागतात. मग तीच गाडी खाली उतरते तेव्हा ही ऊर्जा कुठे जाते? नुसते ब्रेक लावले तर चाकं तापतात आणि ती हवेत जाते. पण उतरताना मोटरच जनित्र झाली, तर वीज परत मिळते. घर्षणात थोडी जाते, तरी बरीच हाती लागते.

ती परत घ्यायची, तर वाट हवी. आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. 1930 साली सुरू झालेली आपली डेक्कन क्वीनही त्याच विजेवर. पुढे डीसी उपकेंद्रांत डायोड आले. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. परत आलेली वीज जवळपासच्या दुसऱ्या गाडीनं घेतली तर ठीक, नाहीतर वाया. 25 हजार व्होल्ट एसीत ही अडचण नाही, कारण ट्रान्सफॉर्मरमधून वीज दोन्हीकडे जाते. 2016 मध्ये मुंबईचा हार्बर मार्गही एसीवर आला.

मग डीसीचा प्रश्न संपला का? नाही. पुण्याच्या मेट्रोचे वनाज आणि पिंपरीचे मार्ग 25 हजार व्होल्टवर आहेत, पण हिंजवडी–शिवाजीनगर मार्गासाठी 750 व्होल्ट डीसीचा तिसरा रूळ निवडलाय. तिथे एकेरी दार दुहेरी करायचं, हे आमच्या विषयाचं काम. हजारो व्होल्ट सेकंदाच्या लाखाव्या भागात चालू-बंद करायचे. उष्णता, इन्सुलेशन आणि विजेतली अशुद्धता सांभाळायची. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ साध्या सिलिकॉनपेक्षा सुमारे दहापट विद्युतक्षेत्र सोसतो. जपाननं 2020 पासून बुलेट ट्रेनच्या एन700एस गाड्यांत तो वापरलाय. आम्ही प्रयोगशाळेत त्याच धर्तीवर छोटं प्रारूप चालवतो. ते जळतं, आम्ही पुन्हा जोडतो. एका शोधनिबंधामागे दोन-तीन वर्षं जातात.

आता खरी अडचण सांगते. यंत्रं उसनी मिळतात, माणसं मिळत नाहीत. हुशार मुलं संगणकाकडे वळतात. त्यांचं चुकतं असंही नाही. पण उच्च दाबाच्या विजेला हात लावणारं कोणी उरलं नाही, तर प्रत्येक गाडीचं काळीज आपण बाहेरूनच आणत राहू.

म्हणून एक विनंती. या स्मरणिकेच्या निधीतून जे उरेल, ते शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला द्यावं. नववीच्या मुलांनी सायकलच्या डायनॅमोवर दिवा लावावा, आणि मग तीच वीज बॅटरीत साठवून बघावी. पुढचं शिकवायला मी दर महिन्याचा एक शनिवार देईन. आणखी कोण येणार, ते जेवणाआधी हात वर करून सांगा!