अंथरूण ओले करणारे मूल



हिंगणघाटहून सेवाग्रामला मुक्कामाची सहल निघावयाची असते. सर्व मुले उत्साहाने नावे देतात. एखादा मात्र "मला यावयाचे नाही" एवढेच म्हणतो. रात्री अंथरूण ओले होईल, ही त्याची धास्ती.

हा आळस नव्हे, खोडी तर नव्हेच. पाच वर्षांच्या १०० मुलांत सुमारे १५, दहा वर्षांच्या १०० मुलांत सुमारे ५ मुलांस हा त्रास असतो. पुष्कळदा आईस वा वडिलांसही लहानपणी तो झालेला असतो. मूत्राशय भरले तरी मुलास जाग येत नाही. छडीने ती कशी यावी?

दिवसा त्यास पाणी भरपूर पिऊ द्यावे, लघवीस अडवू नये. बद्धकोष्ठ असल्यास तेही बरे करावे. मात्र कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, त्यास सारखी तहान लागली, ते वाळू लागले, तर मधुमेहाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात न्यावयास पालकांस सांगावे.

सहलीत निजण्यापूर्वी सर्वच मुलांस लघवीस पाठवावे. सामानाच्या यादीत मेणकापड व जादा कपडे सर्वांच्याच नावे लिहावे. म्हणजे त्याचे एकट्याचे बिंग फुटत नाही.